‘रस्ता ठरवेल’ ही पळवाट आहे

२००९ च्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत कझाकस्तानच्या पैशावर चालणाऱ्या अस्ताना संघात काय चाललं होतं ते तीन आकड्यांत दिसतं. ४ जुलैला मोनॅकोत साडेपंधरा किलोमीटरची टाइम ट्रायल, म्हणजे प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायची शर्यत, झाली. ती जिंकणाऱ्या फाबियन कान्सेलारापेक्षा आल्बेर्तो कोन्तादोर १८ सेकंदांनी मागे होता, त्याचा संघसहकारी लान्स आर्मस्ट्राँग ४० सेकंदांनी. म्हणजे दोघांत कोन्तादोर २२ सेकंदांनी पुढे. तिसऱ्या टप्प्यानंतर आर्मस्ट्राँग १९ सेकंदांनी पुढे गेला. सातव्या टप्प्यानंतर पुन्हा कोन्तादोर, फक्त दोन सेकंदांनी.

यातला पहिला आणि शेवटचा आकडा पायांनी ठरवला. मधला ठरला वारा, संघ आणि मागून येणाऱ्या संघाच्या मोटारीत बसलेली माणसं यांच्यामुळे. संघात दोन नेते असले की व्यवस्थापक ठरलेलं वाक्य फेकतात: नेता कोण ते रस्ताच ठरवेल. ऐकायला हे फार न्यायाचं वाटतं. पण रस्ता सगळं ठरवत नाही. तो काही दिवस ठरवतो. उरलेल्या दिवशी कोणी कुणासाठी वारा कापायचा, चाक पंक्चर झालं तर कोणी थांबायचं, रेडिओवर कुणाला काय सांगायचं, हे माणसं ठरवतात. हा निर्णय आधी उघडपणे घेतला नाही तर तो चोरून घेतला जातो, आणि बहुतेक वेळा मोठ्या नावाच्या बाजूने.

आधी दोघांची तेव्हाची पत पाहू. कोन्तादोरने २००७ ची टूर जिंकली होती आणि २००८ मध्ये इटलीची जिरो व स्पेनची व्हुएल्टा अशा दोन्ही शर्यती. २००८ ची टूर तो जिंकू शकला नाही याचं कारण त्याचे पाय नव्हेत. आदल्या वर्षीच्या उत्तेजक प्रकरणामुळे आयोजकांनी अस्तानाला बोलावलंच नव्हतं. आर्मस्ट्राँगच्या नावावर तेव्हा १९९९ ते २००५ अशा सलग सात टूर होत्या, मधे तीन मोसमांची रजा होती, आणि टूरच्या वेळी वय सदतीस. ९ सप्टेंबर २००८ ला त्याने पुनरागमन जाहीर केलं आणि संघ निवडला तो व्यवस्थापक योहान ब्रुइनेलचा, ज्याच्या हाताखाली त्याने सातही टूर जिंकल्या होत्या. पगार घेणार नाही, कर्करोगाच्या जागृतीसाठी सायकल चालवणार, असंही सांगितलं. जगाला हे उदार वाटलं. संघाच्या दृष्टीने मात्र बिनपगारी नेता ही अवघड वस्तू असते, कारण व्यवस्थापकाच्या हातात त्याला आवरण्याचं एकही साधन उरत नाही.

कोन्तादोरने संघ सोडण्याची भाषा केली, त्याला थांबवून घेतलं गेलं, आणि नेतृत्वाचा प्रश्न रस्त्यावर सोडून देण्यात आला. वसंतात आणखी गुंता झाला. मार्चमध्ये स्पेनमधल्या कास्तिया-लेओनच्या शर्यतीत पडून आर्मस्ट्राँगची कॉलरबोन मोडली; पट्टी आणि बारा स्क्रू घालून ती जोडावी लागली. तरीही मे महिन्यात त्याने जिरो पूर्ण केली आणि बारावा आला. त्याच जिरोत अस्तानाचे खेळाडू प्रायोजकांची नावं पुसट केलेल्या जर्सी घालून उतरले, कारण कझाकस्तानातून पगार वेळेवर येत नव्हते. थोडक्यात, ज्याने ‘नेता अमुक’ असं ठामपणे म्हणायचं त्या संघमालकाचा अधिकारच तेव्हा डळमळलेला होता. उरला ब्रुइनेल. तो तटस्थ असणं शक्यच नव्हतं.

आता तो तिसरा टप्पा. मार्सेय ते ला ग्राँद-मोत, जवळपास सपाट, शेवटी कामार्गच्या पाणथळ मैदानातून जाणारा. झाडं नाहीत, घरं नाहीत, बाजूने वारा. सायकल शर्यतीचं सगळं गणित वाऱ्याचं आहे. सपाट रस्त्यावर ताशी पंचेचाळीसच्या वेगात पुढच्याचं चाक धरून राहिलात तर साधारण तीस टक्के श्रम वाचतात; मोठ्या गटाच्या पोटात असाल तर त्याहून बरेच जास्त. वारा समोरून असेल तर आडोसा बरोबर मागे मिळतो. बाजूने असेल तर तो तिरका, पुढच्याच्या चाकाच्या बाजूला मिळतो. त्यामुळे खेळाडू रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरकी रांग धरतात, तिला एशेलॉन म्हणतात. सहा मीटर रुंद रस्त्यावर अशा एका रांगेत जेमतेम दहा-बारा जण मावतात. जे आळीपाळीने पुढे येऊन मागे सरकतात ते टिकतात. ज्याला रांगेत जागा मिळत नाही तो रस्त्याच्या कडेला सरळ ओळीत लटकतो, आणि तिथे आडोसा जवळजवळ नसतोच. पाच-दहा मिनिटांत त्यातला एकजण थकतो, त्याच्यापुढे दोन सायकलींची फट पडते आणि त्याच्या मागचे सगळे तुटतात. मागचे अधिक ताकदीचे असले तरी उपयोग नसतो, कारण पुढे वीस-पंचवीस जण आलटून पालटून वारा कापत असतात आणि मागे कुणालाच कुणासाठी राबायचं नसतं.

सुमारे तीस किलोमीटर बाकी असताना कॅव्हेंडिशच्या कोलंबिया संघाने नेमक्या वळणावर वेग वाढवला आणि गट फुटला. पुढच्या तुकडीत अस्तानाचे तिघे होते: आर्मस्ट्राँग, पोपोविच आणि सुबेल्दिया. मागे कोन्तादोर, क्लोडेन, लायफायमर. इथवर फार तर असं म्हणता येईल की आर्मस्ट्राँगने अनुभवाने वारा ओळखला आणि कोन्तादोर गाफील राहिला. ते खरंच आहे, आणि त्याचं श्रेय म्हाताऱ्याला द्यायलाच हवं. अशा दिवशी गटाच्या पहिल्या वीसांत राहायचं, हा धडा पंचविशीतल्या पोरांना दरवर्षी नव्याने शिकावा लागतो. पण पुढे पोपोविच आणि सुबेल्दिया स्वतः वारा कापायला लागले. म्हणजे संघाचे दोन मजूर संघाच्याच टूरविजेत्यापासूनची फट वाढवत होते. शेवटी ती ४१ सेकंद भरली.

याचा बचाव आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. मागे एकटा कोन्तादोर नव्हता. इव्हान्स, सास्त्रे, मेंचोव्ह, दोघे श्लेक बंधू हे खरे प्रतिस्पर्धीही मागेच होते. संघाचा एक माणूस त्या सगळ्यांवर ४१ सेकंद मिळवत असेल तर संघाने ते का सोडावेत? पण हा युक्तिवाद चालतो तो दोन्ही नेते समान आहेत असं धरलं तरच. एक नेता ठरलेला असता तर पोपोविच आणि सुबेल्दियाने नुसतं चाक धरून बसायचं होतं. वारा दुसऱ्यांनी कापला असता, फट कदाचित कमी पडली असती आणि संघात भांडण उरलं नसतं. समानतेचा फायदा कुणाला झाला ते पुढच्याच दिवशी दिसलं. माँपेलियेच्या ३९ किलोमीटरच्या सांघिक टाइम ट्रायलमध्ये अस्ताना जिंकला आणि आर्मस्ट्राँगची पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याची जर्सी, २२ शतांश सेकंदांनी हुकली. तेवढं जमलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पिवळी जर्सी अंगावर असलेल्या सहकाऱ्यावर हल्ला करायला कोन्तादोरला कुणी परवानगी दिली असती?

म्हणून सातव्या टप्प्यावर, अँडोराच्या आर्कालिस चढावर, शेवटच्या दोन किलोमीटरांत कोन्तादोर एकटा निघाला. आर्मस्ट्राँग नंतर म्हणाला की हे ठरलेल्या योजनेत नव्हतं. नसेलच. पण ज्याला योजनेत जागाच नव्हती त्याने योजना मोडली तर आश्चर्य ते काय! त्याने २१ सेकंद काढले.

चढावर आडोशाची किंमत घटते. सात-आठ टक्क्यांच्या चढावर वेग ताशी वीसच्या आसपास येतो, हवेचा रोध बराच कमी होतो आणि हिशोब उरतो शरीराच्या किलोमागे किती वॅट ताकद एवढाच. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट चढलेल्याला हे वेगळं सांगायला नको. वय वाढलेल्या खेळाडूचं नेमकं काय जातं तेही इथेच कळतं. एकसारखा, लांबवर टिकणारा जोर बराच काळ शाबूत राहतो. जातो तो झटका: चढावर वेग एकदम वाढवायचा, श्वास फुललेला असतानाच पुन्हा वाढवायचा, आणि तिसऱ्यांदा वाढवायचा. कोन्तादोरचं सगळं बळ त्या झटक्यातच होतं. १५ व्या टप्प्यावर, स्वित्झर्लंडमधल्या व्हेर्बियेच्या चढावर, शेवट ५.६ किलोमीटर दूर असताना तो उभा राहून निघाला आणि एकटाच पोहोचला. आंडी श्लेक ४३ सेकंद मागे, आर्मस्ट्राँग १ मिनिट ३५ सेकंद मागे. रस्त्याने ठरवलं म्हणतात ते एवढंच, आणि ते ठरायला पंधरा टप्पे जावे लागले. तोवर लायफायमर मनगट मोडून घरी गेला होता आणि उरलेल्या संघात कोण कुणाच्या टेबलावर जेवतो यावर वर्तमानपत्रांत मजकूर यायला लागला होता.

कोन्तादोरही धुतल्या तांदळासारखा नव्हता. १७ व्या टप्प्यावर, कोलोंबियेरच्या घाटात, तो आणि क्लोडेन दोघेही श्लेक बंधूंबरोबर पुढे होते. आर्मस्ट्राँग मागे राहिला होता. पिवळी जर्सी कोन्तादोरच्याच अंगावर होती आणि जागचं हलायची त्याला गरज नव्हती. तरी तो सुटला. श्लेक त्याला चिकटले, तुटला तो क्लोडेन. पॅरिसच्या मंचावर अस्तानाचे तीन जण उभे राहण्याची शक्यता तिथेच संपली. आर्मस्ट्राँगला त्या दिवशी २ मिनिटं १८ सेकंदांचा फटका बसला; टाइम ट्रायलने त्याला तिसरा क्रमांक परत मिळवून दिला, क्लोडेन सहाव्यावर राहिला. ही चूक होती आणि ती कोन्तादोरचीच होती. पण नेता म्हणून ज्याला कुणी जाहीर केलं नाही तो सहाय्यकांचा हिशोब ठेवत नाही, हेही त्यात आलं. जबाबदारी अधिकारामागून येते.

आणि आता सर्वांत बोचणारी गोष्ट. २३ जुलैला, म्हणजे ॲनेसीच्या टाइम ट्रायलच्या दिवशी, टूर अजून चालू असताना, आर्मस्ट्राँगच्या पुढच्या वर्षीच्या नव्या संघाची, रेडिओशॅकची, घोषणा झाली. अस्तानाच्या त्या टूर-संघात नऊ जण होते. त्यातला कोन्तादोर वगळता आठही जण, आर्मस्ट्राँग, लायफायमर, क्लोडेन, पोपोविच, सुबेल्दिया, पाउलिन्यो, रास्ट, मुराव्योव, २०१० मध्ये रेडिओशॅकच्या जर्सीत दिसले. ब्रुइनेलही तिकडेच गेला. यातल्या कुणी जाणूनबुजून कोन्तादोरविरुद्ध काम केलं असा आरोप करण्याची गरज नाही. कोन्तादोर जिंकला तो यांच्याच मदतीने. पण पुढच्या वर्षी आपली भाकरी ज्याच्याकडे आहे तो माणूस शेजारच्या सायकलवर असताना, पंक्चर झालेल्या नेत्यासाठी थांबायचं की नाही हा निर्णय सेकंदभरात घ्यायचा असेल, तर मन कुठे झुकेल? अशी माणसं पिवळ्या जर्सीभोवती ठेवून ‘रस्ता ठरवेल’ म्हणणं ही तटस्थता नव्हे.

हाच आजार एक पायरी वरही होता. पुनरागमन करणाऱ्या खेळाडूने स्पर्धेत उतरण्याआधी सहा महिने उत्तेजक चाचणीच्या यादीत असावं असा आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाचा नियम होता. आर्मस्ट्राँगची नोंद १ ऑगस्ट २००८ ची. म्हणजे सहा महिने १ फेब्रुवारीला पुरे होत होते आणि ऑस्ट्रेलियातली टूर डाउन अंडर जानेवारीत होती. महासंघाने आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं. फरक बारा-तेरा दिवसांचाच होता, पण तो नियम बनवला होता नेमका अशाच माणसासाठी. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने १ ऑगस्ट १९९८ पासूनचे त्याचे सगळे निकाल रद्द केले, त्यात २००९ चा तिसरा क्रमांकही गेला आणि तो ब्रॅडली विगिन्सला मिळाला. सात टूरमधलं उत्तेजक सेवन आर्मस्ट्राँगने जानेवारी २०१३ मध्ये कबूल केलं. पुनरागमनाच्या काळातलं मात्र त्याने नाकारलं, जरी संस्थेच्या अहवालात त्या दोन वर्षांचे रक्ताचे आकडे संशयास्पद ठरवले होते. कोन्तादोरचीही २०१० ची टूर क्लेनब्युटेरॉल या बंदी असलेल्या औषधामुळे गेली. तेव्हा या लेखात कुणी साधू नाही. पण दोघांच्याही नावावर डाग आहे म्हणून नेतृत्वाचा प्रश्न निकालात निघत नाही. नाव मोठं असलं की नियम वाकतो, हे महासंघात आणि संघाच्या बसमध्ये एकाच वेळी घडत होतं.

जुन्या उदाहरणांतही ‘रस्ता’ म्हणजे बहुधा मोटारच निघते. १९८५ मध्ये ला व्ही क्लेअर संघाचा ग्रेग लमाँड लूझ-आर्दिदेनच्या चढावर पुढे होता. त्याचा नेता बर्नार इनो नाक मोडलेल्या अवस्थेत मागे झगडत होता. मोटारीतून लमाँडला थांबायला सांगण्यात आलं आणि इनो अगदी जवळ असल्याचं कळवलं गेलं. प्रत्यक्षात अंतर बरंच जास्त होतं. इनोने आपली पाचवी टूर जिंकली, लमाँड १ मिनिट ४२ सेकंदांनी दुसरा. पुढच्या वर्षी तुला मदत करीन असं इनोने सांगितलं, आणि १९८६ मध्ये पो शहराच्या टप्प्यावर त्यानेच हल्ला करून सहकाऱ्यावर सव्वापाच मिनिटांहून जास्त आघाडी घेतली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा एकटा निघाला, सुपरबान्येरला कोसळला आणि आघाडी ४० सेकंदांवर आली. लमाँड शेवटी ३ मिनिटं १० सेकंदांनी जिंकला. शब्द तोंडी होता, साक्षीदार होते, तरी तो काय होता यावर दोघांचं पुढेही एकमत झालं नाही.

याच्या उलट १९४९ चा इटालियन संघ. जिनो बार्ताली आदल्या वर्षीचा विजेता, टूरमध्येच पस्तीस वर्षांचा होणारा. फाउस्तो कोप्पी त्याहून लहान आणि वेगवान. सें-मालोच्या रस्त्यावर कोप्पी पडला, सायकल मोडली आणि हाताशी आलेली दुसरी सायकल त्याला चालेना. व्यवस्थापक आल्फ्रेदो बिंदा तेव्हा बार्तालीबरोबर मागे होता. कोप्पी तिथूनच घरी निघाला होता. बिंदाने त्याला समजावून थांबवलं. आल्प्समध्ये बार्तालीच्या वाढदिवसाला दोघे मिळून ब्रियाँसोंला आले, टप्पा आणि पिवळी जर्सी बार्तालीला मिळाली. दुसऱ्या दिवशी ऑस्ताच्या वाटेवर बार्तालीचं चाक पंक्चर झालं, तो पडला, आणि बिंदाने कोप्पीला पुढे जायला सांगितलं. त्या एका आदेशाने टूर ठरली. कोप्पी जवळपास अकरा मिनिटांनी जिंकला. बिंदाचं मोठेपण त्याने कोप्पीला निवडलं यात नाही. निवड करून ती स्वतःच्या तोंडाने सांगितली, यात आहे.

दोन नेते नकोतच, असं मात्र मी म्हणणार नाही. २०२२ मध्ये युम्बो-व्हिस्मा संघाने रोग्लिच आणि विंगेगोर अशा दोघांना घेऊन टूर सुरू केली. पाचव्या टप्प्यावर दगडी रस्त्यांवर रोग्लिचने दोन मिनिटांहून अधिक वेळ गमावला. त्यानंतर गालिबियेच्या चढावर दोघांनी आळीपाळीने हल्ले करून प्रतिस्पर्धी पोगाचारला दमवलं आणि ग्रानोंच्या चढावर विंगेगोरने पोगाचारला तोडलं. क्रम लागलेला होता म्हणून दुसरा नेता उपयोगी पडला. हाच संघ २०२३ च्या व्हुएल्टात घसरला. आघाडीवर असलेल्याची लाल जर्सी सेप कुसच्या अंगावर, हा माणूस वर्षानुवर्षं या दोघांसाठी राबलेला. आंग्लिरूच्या चढावर दोघेही त्याला सोडून गेले आणि त्याची आघाडी आठ सेकंदांवर आली. बाहेर गदारोळ झाल्यावरच संघाने जर्सीची राखण करायचं ठरवलं. कुस शेवटी विंगेगोरवर १७ सेकंदांनी जिंकला. म्हणजे तिथे निर्णय ना रस्त्याने घेतला ना व्यवस्थापकाने. तो लोकलाजेने झाला.

मग काय लिहून ठेवायचं? फार नाही, एक पान पुरतं. पहिलं, पहिल्या कठीण चढापर्यंत बरोबरी; त्या चढावर जो मागे राहील तो दुसऱ्या क्रमांकाचा, आणि किती सेकंदांना ‘मागे’ म्हणायचं तो आकडा शर्यतीआधी ठरवायचा, चाळीस म्हणा, साठ म्हणा. दुसरं, वाऱ्यात गट फुटला आणि दोघांतला एक मागे राहिला तर पुढच्या सहाय्यकांनी वारा कापायचा नाही. तिसरं, प्रत्येक नेत्याला एक सहाय्यक नावानिशी, ज्याची सायकल त्याच्या मापाच्या जवळ असेल. पंक्चरला चाक किंवा सायकल तोच देईल आणि बाकीचे कुणाला विचारत बसणार नाहीत. आता टूरमध्ये नऊऐवजी आठच जण असतात, दोन नेते वजा केले की सहा उरतात, तेव्हा हे वाटप अधिकच काटेकोर हवं. चौथं, रेडिओवर सांगायचं अंतर दोघांना एकच सांगायचं, लमाँडसारखं नव्हे. आणि पाचवं, ज्यावर संघ सर्वांत जास्त तोंड लपवतात: दोघांपैकी एका नेत्याशी व्यवस्थापकाचा पुढच्या हंगामाचा व्यवहार चालू असेल तर शर्यतीतले नेतृत्वाचे निर्णय दुसऱ्या संचालकाकडे द्यायचे. २००९ मध्ये हे पाचवं कलम असतं तर ब्रुइनेलला मोटारीत मागच्या सीटवर बसावं लागलं असतं.